बॅनिश्डमध्ये कामगार म्हातारे होतात तेव्हा... या चुका टाळा

बॅनिश्ड या गाव वसवण्याच्या कॉम्प्युटर गेममध्ये पहिली आठ-दहा वर्षं गाव मस्त चालतं, कोठारं भरलेली, सरपण रचलेलं, आणि मग एकाच वर्षात एकामागून एक माणसं म्हातारपणाने जायला लागतात, लोहार गेला, कोळी गेला, मजुरांचा (म्हणजे ठरलेलं काम नसलेल्या मोकळ्या माणसांचा) आकडा शून्यावर. लोकांना वाटतं गेमने डाव टाकला. तसं काही नसतं हो. इथे एक वर्ष सरलं की माणसाचं वय साधारण पाच वर्षांनी वाढतं, म्हणजे सुरुवातीची सगळी जोडपी जवळपास एकदमच थकणार हे आधीपासूनच ठरलेलं.

पहिली चूक म्हणजे म्हाताऱ्याला कामावरून हटवायला बघणं. सिटीज स्कायलाइन्स या शहर वसवण्याच्या गेममध्ये म्हातारे कामाला जातच नाहीत, इथे मात्र रिटायरमेंट नावाचा प्रकारच नाही, माणूस मरेपर्यंत राबतो. तुम्ही कामं वाटायच्या पॅनेलमधून कोळ्यांचा आकडा कमी केलात तर कोणाला काढायचं ते गेम ठरवते, तुम्ही नाही. आणि काढायचं तरी कशाला, शिकलेला म्हातारा न शिकलेल्या तरण्यापेक्षा जास्तच माल काढतो.

खरा घोळ घरांचा आहे आणि बहुतेक गावं इथेच मरतात. रिकामं घर नाही तर पोरं आईबापाकडेच पडून राहतात, संसार थाटत नाहीत, मुलं होत नाहीत, आणि बायकांचं वय उलटलं की मग घर दिलंत तरी उपयोग शून्य. तिकडे पाच माणसांच्या दगडी घरात एकटी म्हातारी. दुष्काळ पडला म्हणून चार-पाच वर्षं एकही घर न बांधणारे खूप बघितलेत, त्यांची शिक्षा पुढे काही वर्षांनी येते. याच्या उलट घाबरून एकदम दहा घरं टाकणंही तितकंच वाईट, कारण पोरांची लाट येते, खायला पुरत नाही, पुढे हीच लाट एकत्र म्हातारी होते आणि एकत्र जाते. दरवर्षी एक-दोन घरं, बस, दुष्काळात निदान एक तरी. टाउन हॉल बांधलात की लोकसंख्येचा आलेख दिसतो, त्यात मुलांचा आकडा खाली सरकायला लागला की मोठ्यांचा आकडा कितीही छान दिसू दे, समजून जा. म्हातारीचं घर पाडून तिला बोर्डिंग हाउसमध्ये (घर नसलेल्यांच्या सामायिक इमारतीत) पाठवायची युक्तीही लोक करतात. चालते, पण जरा निर्दयी वाटते राव.

शाळा. हात कमी पडले की लोक आधी शाळा बंद करतात. मग पोरं दहाव्या वर्षीच मजूर होतात खरी, पण जन्मभर अडाणी राहतात, कमी माल काढतात. एका मास्तराकडे वीस पोरं असतात, आणि मास्तर मेला आणि जागा घ्यायला मजूर नसला तर ती सगळी अर्धवट शिकून बाहेर पडतात. म्हणून चार-पाच मजूर कायम मोकळे ठेवा, ते रिकामे फिरताना दिसले तरी त्यांना कुठे चिकटवू नका.

आता "कामचोर" कामगार. शिकार नीट येत नाही, लाकूड कमी पडतंय, तर आणखी दोन माणसं लावली, असं करू नका, आधी त्या माणसावर क्लिक करून बघा तो राहतो कुठे. घर नकाशाच्या त्या टोकाला असेल तर अर्धा वेळ चालण्यातच जातो, आणि अंगात कोट नसेल तर हिवाळ्यात ऊब घ्यायला सारखा घरी पळतो. हत्यारं संपली तर सगळ्या गावाचंच काम ढेपाळतं, त्यामुळे लोहाराकडे लोखंड आणि लाकूड आहे ना हे बघणं नवीन भरतीपेक्षा महत्त्वाचं.

फिरस्ते, म्हणजे बाहेरून गावात राहायला येणारे लोक, आले की माणसं फुकट मिळाल्यासारखं वाटतं. ती शिकलेली नसतात, रोग आणू शकतात आणि पहिल्या दिवसापासून खातात. हॉस्पिटल नसेल आणि कोठारात वर्षभराचं धान्य नसेल तर सरळ नाही म्हणा.