वजन आणि खाण्याच्या सवयी यांसाठी एलिमिनेशन डाएट : काय वगळावे, किती दिवस आणि परत कसे सुरू करावे

एलिमिनेशन डाएट ही वजन उतरवण्यासाठी निघालेली पद्धत नाही. अमेरिकेतील ॲलर्जीतज्ज्ञ डॉ. अल्बर्ट रो यांनी १९२०च्या दशकात ती मांडली ती रुग्णाला नेमक्या कोणत्या अन्नाचा त्रास होतो हे शोधण्यासाठी. संशयित पदार्थ काही आठवडे पूर्णपणे बंद करायचे, त्रास थांबतो का ते पाहायचे आणि नंतर एकेक पदार्थ परत सुरू करून तो त्रास पुन्हा डोके वर काढतो का हे तपासायचे, असे तिचे साधे स्वरूप आहे. या काळात बहुतेकांचे वजनही घटते, परंतु ते गहू किंवा दूध ‘लागत’ होते म्हणून घटते असे मात्र नाही. गहू बंद झाला की पोळीबरोबर बिस्किटे, खारी, टोस्ट, पाव, नानकटाई हे सारे आपोआप बंद होते. दूध बंद झाले की साखरेचे तीन-चार चहा आणि पेढे-बासुंदी जाते. फायदा होतो तो मुख्यतः ही बिस्किटे, साखरेचे चहा आणि मिठाई सुटल्यामुळे, आणि हे पदार्थ पोळी न सोडताही कमी करता येतात.

म्हणून सुरुवातीलाच दोन याद्या वेगळ्या कराव्यात. पहिली कमी करण्याची : साखर, मैदा, तळण, फरसाण, गोड पेये, बाटलीबंद फळांचे रस. हे पदार्थ परत सुरू करून तपासण्याची गरजच नसते, कारण त्यांचा परिणाम ठाऊक आहे. चार कप चहात प्रत्येकी दोन चमचे साखर घेतली तर दिवसाला सुमारे ४० ग्रॅम साखर पोटात जाते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली व रसांतली सगळी साखर मिळून २५ ग्रॅमच्या आसपास राहिली तर उत्तम. दुसरी यादी तपासण्याची : गहू, दूध, अंडी, शेंगदाणे, सोयाबीन, कांदा-लसूण यांपैकी ज्यांच्याबद्दल खरोखर शंका आहे तेच. पोट फुगणे, वारंवार शौचाला जावे लागणे, अंगावर पित्त उठणे असे काहीच होत नसेल, तर दुसरी यादी रिकामी ठेवून केवळ पहिली पाळावी. सगळेच एकदम सोडण्याचा उत्साह चौथ्या दिवशी वडापावच्या गाडीशी संपतो.

काहींनी हा प्रयोग स्वतःच्या मनाने करूच नये : गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढत्या वयाची मुले, मूत्रपिंडाचे रुग्ण, पूर्वी खाण्याचा विकार झालेल्या व्यक्ती, आणि इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणारे मधुमेही, कारण जेवण अचानक कमी झाल्यास त्यांची साखर धोकादायकरीत्या घसरू शकते. एखाद्या पदार्थाने पूर्वी घसा सुजला असेल किंवा श्वास कोंडला असेल, तर तो पदार्थ घरी पुन्हा खाऊन पाहू नये. गव्हामुळे सिलिअॅक आजार (गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाने लहान आतड्याला इजा होणे) असल्याची शंका असल्यास रक्ततपासणी गहू सोडण्यापूर्वीच करून घ्यावी. गहू बंद केल्यानंतर ती तपासणी खोटा दिलासा देऊ शकते. शंभर पदार्थांची यादी हाती देणाऱ्या आयजीजी (रक्तातील एक प्रकारची प्रतिपिंडे) रक्तचाचण्यांवर पैसे घालवू नयेत, त्या बहुधा आपण काय खातो एवढेच सांगतात.

प्रयोगाच्या आधीचा एक आठवडा नेहमीचेच खावे आणि वहीत लिहावे. वेळ, पदार्थ, वाटीच्या किंवा नगाच्या मापाने प्रमाण, त्यानंतर दोन-चार तासांत पोटात काय जाणवले, रात्रीची झोप आणि सकाळचे पोट एवढ्या नोंदी पुरतात. उभ्याने तोंडात टाकलेले चिवड्याचे बकाणे आणि मुलांच्या ताटात उरलेले संपवणेही लिहावे. वहीचा निम्मा उपयोग तिथेच होतो. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी उठल्यावर करावे.

वगळण्याचा काळ दोन ते चार आठवड्यांचा ठेवावा, आणि मध्ये लग्न किंवा गौरी-गणपती येणार नाहीत असा निवडावा. चातुर्मासात अनेक घरांत कांदा-लसूण आपोआपच बंद असतो, कांदेनवमीला त्याची बेगमीही होऊन गेलेली असते. त्यामुळे कांद्याने पोट फुगते का हे पाहायला हा काळ सोयीचा आहे. मात्र त्याच काळातले उपवास हिशेब बिघडवतात. साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यावर दाण्याचे कूट आणि तूप, त्यामुळे उपवास असला तर भगर, दाण्याची पातळ आमटी आणि ताक यांवर भागवावे. शेंगदाणेच तपासत असाल तर ती आमटीही गाळावी.

गहू सोडल्यावर ज्वारी, बाजरी, नाचणी किंवा तांदळाची भाकरी आणि घावन यांवर मराठी घराचे सहज निभते, परंतु गहू अनपेक्षित ठिकाणी लपलेला असतो. थालीपिठाच्या भाजणीत आणि मेतकुटात तो बहुधा असतोच. रवा, शेवया व लापशी गव्हाचीच. बाजारातल्या बऱ्याच हिंगाच्या डब्यांतही गव्हाचे पीठ मिसळलेले असते. गिरणीत आधी कोणाचे गहू दळले गेले असतील तर त्याचेही पीठ आपल्या ज्वारीत उतरते, म्हणून तांदळाच्या किंवा ज्वारीच्या दळणानंतर आपला डबा लावायला सांगावा. पाकिटबंद पदार्थांवर गहू, दूध, शेंगदाणे, सोयाबीन यांचा उल्लेख करणे भारतात बंधनकारक आहे. तो बारीक अक्षरांतला मजकूर वाचावा. दूध बंद असताना कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ आवर्जून घ्यावेत. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम असते.

पहिल्या आठवड्यात काटा एक-दीड किलो खाली आला तरी हुरळून जाऊ नये. शरीरात साठलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (यकृत व स्नायूंतला साखरेचा साठा) सुमारे तीन ग्रॅम पाणी असते, आणि पिठूळ-गोड पदार्थ कमी होताच हा साठा व ते पाणी आधी जाते. चरबी सावकाश उतरते. आठवड्याला अर्धा किलो ही चांगली गती.

यापुढचा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि तिथेच सगळे श्रम वाया जातात. पदार्थ परत सुरू करताना एका वेळी एकच, आणि शक्य तितका निखळ घ्यावा. गहू तपासायचा तर साधी पोळी, कारण पावात यीस्ट आणि साखर असते; दूध तपासायचे तर साधे दूध, बासुंदी नव्हे. पहिल्या दिवशी अर्धी पोळी, त्रास न झाल्यास दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी नेहमीइतक्या. मग तीन दिवस पुन्हा गहू बंद ठेवून वही पाहावी आणि त्यानंतरच पुढच्या पदार्थाकडे वळावे. पोळीने पोट फुगले तरी दोष ग्लुटेनचाच असतो असे नाही. गव्हात फ्रुक्टन नावाची साखळीदार शर्करा असते, तीच कांद्या-लसणातही असते. पोळी आणि कांदा दोन्हींनी सारखाच त्रास होत असेल, तर शंका फ्रुक्टनवर घ्यावी आणि आहारतज्ज्ञाला तसे सांगावे. दुधाचेही असेच : एका मोठ्या कपात सुमारे १२ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, असते, त्याने त्रास झाला तरी विरजलेले दही आणि ताक पुष्कळांना पचते, आणि तुपात तर लॅक्टोज जवळपास नसतेच. म्हणजे दूध ‘बंद’ करण्याऐवजी प्रमाण व रूप बदलणे पुरते.

याच आठवड्यांत भुकेचीही तपासणी करावी. नुसत्या पोह्यांवर अकरा वाजताच पोटात कावळे ओरडू लागतात का, आणि त्याच पोह्यांबरोबर मोड आलेल्या मटकीची उसळ किंवा अंडे घेतले तर दुपारपर्यंत निभते का, हे वहीत दिसू लागते. सवय बदलते ती अशा नोंदींनी, कारण मग चिवड्याच्या डब्याकडे हात का जातो हे कळते.

ज्याचा त्रास झाला नाही ते पदार्थ नेहमीच्या जेवणात परत आणावेत, विनाकारण कायमचे सोडू नयेत. ज्याचा झाला ते काही महिन्यांनी थोड्या प्रमाणात पुन्हा पाहावेत, कारण सोसण्याची मर्यादा बदलते. आणि हे सारे करूनही सहा आठवड्यांत वजन हलले नाही, तर तेलाचा डबा मोजावा. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपत असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज सुमारे ४० मिलिलिटर, म्हणजे जवळपास साडेतीनशे कॅलरी येतात. तीन लिटरवर भागवले तर माणशी रोजच्या सुमारे १४० कॅलरी कमी होतात, आणि त्यासाठी फोडणीचे तेल डब्यातून थेट न ओतता चमच्याने मोजून घालावे लागते.