कापडी टपाची गाडी गळतेय? रबर बदलण्याआधी या चुका टाळा

इंग्लंडात जुनी माझदा एमएक्स-५ ही कापडी टपाची गाडी हौसेने सांभाळणारी मराठी मंडळी बरीच आहेत. ऑक्टोबरचा पाऊस सुरू झाला की त्यांच्याकडून हमखास एकच प्रश्न येतो: "सीटमागचं कार्पेट ओलं झालंय, दार-टपाच्या कडांच्या रबराचा सेट कुठून मागवू?" मी त्यांना सांगतो, सेट मागवायची घाई करू नका, आधी गाडीखाली वाकून बघा. रबर जुनं झालेलं डोळ्यांना दिसतं, म्हणून सगळा दोष त्याच्या माथी जातो. या गाडीत पाणी साचायचं मोठं कारण मात्र बऱ्याचदा भलतीकडेच असतं.

पुढचं सगळं मुख्यतः पहिल्या दोन पिढ्यांबद्दल आहे: १९८९ ते १९९७ ची एनए आणि १९९८ ते २००५ ची एनबी. जपानहून आलेली युनोस रोडस्टर किंवा अमेरिकेतली मियाटा म्हणजे हीच गाडी, तेव्हा त्यांनाही हे लागू आहे.

गळती न शोधता रबर बदलणं

टप लावलेला असतो तेव्हा मागच्या काचेवरून येणारं पाणी टपाच्या मागच्या कडेला लपवलेल्या प्लास्टिकच्या पन्हळीत उतरतं. पन्हळ ते दोन्ही बाजूंना, सीटबेल्टच्या खांबांमागे असलेल्या निचऱ्याच्या भोकांकडे नेते आणि तिथून नळीवाटे ते मागच्या चाकांच्या पुढे, गाडीखाली बाहेर पडतं. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत ही भोकं पानांच्या चुऱ्याने आणि चिखलाने बुजतात. मग पाणी तुंबतं, आत उतरून कार्पेट भिजवतं आणि दाराखालच्या सिलमध्ये शिरून पत्रा आतून खातं. ब्रिटनमध्ये या गाड्या एमओटी या दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीत अडकतात त्या बहुतेक वेळा सिलच्या मागच्या टोकाला. सीटबेल्टच्या बैठकीपासून ३० सेंटीमीटरच्या आतला भार पेलणारा पत्रा कमकुवत होण्याइतका गंजला असेल, तर गाडी नापास होते आणि वेल्डिंगचा खर्च रबराच्या कितीतरी पट निघतो. म्हणून मी या भोकांबद्दल एवढा हट्ट धरतो.

तपासणी सोपी आहे. टप उघडा, सीटबेल्टच्या खांबामागे हात घालून भोक चाचपा आणि कपभर पाणी हळूहळू ओता. ते लगेच खाली जमिनीवर पडलं पाहिजे. थेंब थेंब आलं किंवा आलंच नाही, तर नळी तुंबली आहे. ती साफ करताना ताठ तार खुपसू नका, नळी फाटते किंवा जागेवरून निसटते. वरून कॉम्प्रेसरची हवाही मारू नका. गवत कापायच्या यंत्रातली जाड नायलॉनची दोरी फिरवत फिरवत आत घाला आणि मधेमधे पाणी सोडत राहा. पन्हळ तडकलेली असली, तर निचरा स्वच्छ असूनही पाणी आत येतं, म्हणून तिच्यावरूनही बोट फिरवून बघा.

प्रेशर वॉशरने चाचणी घेणं

जोराच्या फवाऱ्याने चांगल्या रबराखालूनही पाणी घुसतं, त्यामुळे त्या चाचणीला काही अर्थ नाही. बागेच्या पाइपचं तोंड उघडं ठेवून मंद धार सोडा. सुरुवात खालून करा: आधी दाराची खालची कड, मग आरसा, मग काचेचा वरचा कोपरा आणि शेवटी पुढच्या काचेच्या चौकटीवरची आडवी पट्टी. प्रत्येक जागी दोनेक मिनिटं द्या आणि आत टॉर्च घेऊन कुणाला तरी बसवा. वरून सुरुवात केलीत, तर ओघळ सगळीकडे पसरतात आणि पाणी नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही.

ही चाचणी करताना दोन फसवे पाहुणे ओळखायला हवेत. पाणी दाराच्या आतल्या पॅनेलखालून झिरपत असेल, तर पॅनेलमागचं प्लास्टिकचं आवरण सुटलेलं किंवा फाटलेलं असतं. काचेचं किंवा स्पीकरचं काम झालेल्या गाडीत हे फार आढळतं. आणि कोरड्या दिवशीही एसी लावल्यावर डाव्या किंवा उजव्या पायाशी ओल येत असेल, तर एसीची निचरा नळी बघा.

काच चुकलेली असताना रबराला धरणं

चालकाच्या मांडीवर टपटपणारं पाणी बहुधा दाराच्या काचेचा पुढचा वरचा कोपरा, खांबाचं रबर आणि टपाचं रबर जिथे एकत्र येतात तिथून येतं. या गाडीच्या दाराला वर चौकट नाही, काच नुसती रबरावर टेकते. काच जराशी बाहेर कललेली असेल, तर नवंकोरं रबर बसवूनही गळती तशीच राहते.

इथे कागदाची पट्टी कामाला येते. पट्टी काच आणि रबराच्या मधे धरून दार लावा आणि हळूच ओढा. सगळीकडे सारखा अडखळा जाणवला पाहिजे. जिथे पट्टी सुळकन निघून येते, तिथे दाब नाही. (नोट वापरू नका. इथल्या नोटा पॉलिमरच्या, गुळगुळीत असतात, त्यांनी फसायला होतं.) दुसरा उपाय म्हणजे काचेच्या कडेला खडू लावून दार बंद करणं. रबरावर उमटलेली रेघ कुठे तुटते ते लगेच दिसतं. मग आधी दारातले काचेचे बोल्ट, रबराच्या धातूच्या पट्टीचे स्क्रू आणि टपाच्या लॅचचे हुक जुळवून घ्या. रबर ज्या धातूच्या पट्टीत बसतं, तिची भोकं लांबट असतात ती या जुळवणीसाठीच. अनेकदा गळती इथेच थांबते.

सिलिकॉन सीलंट भरणं

हे करू नका, अगदी कळकळीने सांगतो. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सीलंट उघड्या पत्र्याला गंज आणतं. शिवाय त्याचा थर एकदा चिकटला, की पुढे त्या जागी योग्य गोंदही धरत नाही. फेविक्विकच्या जातीचा गोंद सुकून ठिसूळ होतो आणि रबर हलताच तडकतो. रबराच्या पट्ट्या चिकटवायचा काळा वेदरस्ट्रिप गोंद वापरा: दोन्ही पृष्ठभागांवर पातळ थर द्या, बोटाला चिकटेनासा झाला की दाबून जोडा.

रबराला तकाकी यावी म्हणून डिझेल, ग्रीस, व्हॅसलीन किंवा डब्ल्यूडी-४० चोळणंही तितकंच वाईट. ही रबरं सहसा ईपीडीएम या कृत्रिम रबराची असतात. पेट्रोलियमपासून बनलेल्या पदार्थांनी ईपीडीएम फुगतं आणि मऊ पडतं. साबणाच्या पाण्याने पुसा, वाळवा आणि सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. नुसतं कोरडं पडलेलं रबर एवढ्याने पुष्कळ सावरतं. चिरलेलं किंवा दाबल्यावर परत न फुगणारं रबर मात्र बदलावंच लागतं.

ओढून बसवणं

नवं रबर बसवताना ते ताणलं जातं आणि शेवटी थोडं जास्तीचं उरतं. मोह होतो तो कापून टाकायचा. काही आठवड्यांत रबर आपल्या मूळ लांबीवर येतं आणि कोपऱ्यात फट पडते. म्हणून आधी साच्यातले कोपरे जागेवर बसवा, मग मधला भाग ओढण्याऐवजी आत ढकलत न्या. पोकळ रबराच्या अंगावर बारीक छिद्रं दिसतील, ती हवा बाहेर पडण्यासाठी आहेत. ती गोंदाने बुजली, तर दार लावताना रबर दबत नाही. कोपऱ्यांचा आकार जुन्या तुकड्याशी ताडून बघितल्याशिवाय स्वस्त नक्कल घेऊ नका. सरळ भाग कुठलाही चालेल, पण खरी परीक्षा कोपऱ्यातच होते.

जुना गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढा, पेट्रोल किंवा थिनरने नको. धातूची पट्टी काढलीच आहे, तर खालचा गंज घासून रंग लावा आणि स्क्रू स्टेनलेसचे घाला. कडाक्याच्या थंडीत हे काम काढू नका. रबर ताठ असतं आणि गोंदही नीट धरत नाही.

मुंबई-पुण्यात मिनी कन्व्हर्टिबल वापरणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. त्या गाडीत हँडल ओढताच काच थोडी खाली येते आणि दार लागल्यावर परत वर जाऊन रबरात बसते. बॅटरी काढल्यावर काचेची ही आठवण पुसली गेली आणि पुन्हा शिकवली नाही, तर दर वेळी दार उघडताना काच रबराची कड ओरबाडते. बॅटरी जोडल्यावर मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे काचा आधी सेट करा.

नवीन रबर बसल्यावर दार जड लागतं. ते आपटू नका, रबर तासूही नका. टप लावून, लॅच बंद करून गाडी काही दिवस तशीच ठेवा, रबर आपली जागा घेतं. आणि भिजलेलं कार्पेट बाहेर काढून खालचा फोमही पूर्ण वाळवा, कारण वरून कोरड्या वाटणाऱ्या फोममध्ये आठवडेच्या आठवडे पाणी राहतं आणि पत्रा त्याच्याखाली गंजत असतो.