शाळेच्या प्रदर्शनासाठी एक टनाच्या सुवर्णनाण्याची पूर्णाकृती प्रतिकृती

ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील टांकसाळीने २०११ मध्ये घडवलेल्या सोन्याच्या नाण्याचे वजन १,०१२ किलो आहे. सराफकट्ट्यावर आज १० ग्रॅमला तोळा म्हणतात, त्या हिशेबाने हे १,०१,२०० तोळे होतात. हा आकडा वर्गात सांगितला तर मुले डोळे विस्फारतात आणि दुसऱ्या मिनिटाला विसरतात. मात्र त्याच नाण्याची खऱ्या मापाची चकती समोर ठेवली, की ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या शाळेच्या प्रदर्शनात हमखास एकच प्रश्न येतो, "एवढंच?" प्रतिकृती करण्याचा खटाटोप या प्रश्नासाठीच करायचा असतो, कारण एक टन सोने किती थोड्या जागेत मावते हे चित्र पाहून कळत नाही. म्हणून या कामात चकाकीपेक्षा मापाला अधिक जपावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

प्रथम मापे ठरवून घ्यावीत. पर्थच्या नाण्याचा व्यास जवळपास ८० सेंमी आणि जाडी सुमारे १२ सेंमी सांगितली जाते. सातवी-आठवीच्या मुलांकडून येथेच एक गणित करून घ्यावे. ८० सेंमी व्यासाची आणि १२ सेंमी जाडीची सपाट चकती धरली तर तिचे घनफळ सुमारे ६०,३०० घन सेंमी येते. सोन्याची घनता दर घन सेंमीला १९.३ ग्रॅम असल्यामुळे अशा चकतीचे वजन १,१६० किलोच्या वर गेले पाहिजे, पण नाणे तर १,०१२ किलोचे आहे. मुले येथे अडतात आणि ती अडली की हातात खिशातले दहा रुपयांचे नाणे द्यावे. नाण्याचा काठ उंच असतो, आतले मैदान खोलगट असते आणि जाडी काठाशी मोजली जाते. शिवाय व्यास आणि जाडी हे दोन्ही आकडे ढोबळ केलेले असतात. उलट हिशेब केला तर सरासरी जाडी साडेदहा सेंमीच्या आसपास येते. म्हणून प्रतिकृतीचे अंग साडेदहा सेंमी जाड ठेवावे आणि दोन्ही बाजूंच्या काठांनी ते बारा सेंमीपर्यंत न्यावे.

(दहा रुपयांचे नाणे हातात आहेच, तर भिंगातून सालाच्या खाली पाहायला सांगावे. तेथे पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची लहानशी खूण असेल तर ते नाणे आपल्या मुंबईच्या टांकसाळीतले, चांदणी असेल तर हैदराबादचे, ठिपका असेल तर नोएडाचे आणि काहीच नसेल तर कोलकात्याचे समजावे.)

साहित्य महाग नाही. फ्रिज किंवा वॉशिंग मशीनच्या दुकानातून पाचपदरी खोक्यांचा पुठ्ठा मागून आणावा, कारण तो बहुधा फुकट मिळतो. तीनपदरी पुठ्ठ्याचे एक मोठे खोके, वर्तमानपत्रांची रद्दी, मैदा, तुरटी, फेव्हिकॉल, सुतळी, चुनखडीची पावडर, पिवडी (पिवळ्या मातीचा रंग) आणि सोनेरी ॲक्रिलिक रंग एवढे जांभळी नाक्याच्या बाजाराच्या एका फेरीत गोळा होते. थर्माकोल वापरू नये. राज्यात २०१८ मध्ये त्याच्या सजावटीवर बंदी आली हे एक कारण आहेच, शिवाय त्यावर उठावाचे काम नीट बसत नाही.

आखणीसाठी पुठ्ठ्यात खिळा रोवून सुतळीने वर्तुळ काढावे. सुतळी ताणली की लांबते, त्यामुळे खिळ्यापासून पेन्सिलीपर्यंतचे ४० सेंमी अंतर दर पाव वर्तुळाला पट्टीने पुन्हा मोजावे. अशा चार चकत्या कापाव्यात आणि दोन-दोन एकमेकींना चिकटवाव्यात. चिकटवताना एका चकतीच्या पुठ्ठ्यातल्या लाटदार कागदाच्या नळ्या उभ्या आणि दुसरीच्या आडव्या येतील असे पाहावे, म्हणजे चकती कोणत्याही दिशेला वाकत नाही. या दोन जाड चकत्यांच्या मधल्या पोकळीत पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची जाळी घालावी. पाचपदरी पुठ्ठा साधारण ५ मिमी जाड असतो, म्हणून पट्ट्यांची उंची साडेआठ सेंमी ठेवावी. तुमचा पुठ्ठा वेगळ्या जाडीचा असेल तर चार थर एकत्र धरून मोजावेत आणि ते माप साडेदहातून वजा करावे. पट्ट्यांना दर दहा सेंमीवर निम्म्या उंचीपर्यंत खाचा द्याव्यात आणि त्या एकमेकींत बसवाव्यात. बाटल्यांच्या खोक्यात असते तशीच ही जाळी होते आणि तिच्यावर पाचवीतला मुलगा बसला तरी ती दबत नाही.

कड हा या कामातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे. नाण्यांच्या कडेला बारीक उभे दाते असतात. पूर्वी सोन्या-चांदीच्या नाण्यांची कड कातरून धातू चोरत असत आणि दाते असले की कातरलेले नाणे लगेच ओळखू येई, म्हणून ही पद्धत रुजली. आपल्याला हे दाते पुठ्ठ्यातच तयार मिळतात. तीनपदरी पुठ्ठ्याची साडेदहा सेंमी रुंद पट्टी अशी कापावी की तिच्यातल्या नळ्या रुंदीच्या दिशेने, म्हणजे उभ्या येतील. घेर ८० गुणिले ३.१४ म्हणजे २५१ सेंमी होतो. जोड लागत असेल तर तो मागच्या बाजूला घ्यावा आणि लांबी दोन-तीन सेंमी जास्तच ठेवावी. आता एका बाजूचा वरचा कागद ओल्या फडक्याने हलकेच भिजवावा, दोन मिनिटे थांबावे आणि कोपऱ्यातून सावकाश सोलावा. आतल्या लाटा एकसारख्या उघड्या पडतात. घाई केली तर लाटा कागदासोबत फाटतात, म्हणून हे काम शांत हाताच्या मुलाकडे किंवा मुलीकडे द्यावे. पट्टी पूर्ण वाळल्यावर लाटा बाहेर ठेवून ती कडेला चिकटवावी आणि रात्रभर नाडीने आवळून ठेवावी. त्यानंतर दोन्ही तोंडांवर दीड सेंमी रुंदीचे पुठ्ठ्याचे कडे आणि त्यावर सुतळीचे वेटोळे चिकटवून उंच काठ करावा.

यानंतर संपूर्ण चकतीवर रद्दीचे तीन थर खळीने, म्हणजे मैदा पाण्यात शिजवून केलेल्या चिकट पेजेने, द्यावेत. खळ शिजवताना त्यात चमचाभर तुरटीची पूड घालावी. पुस्तकबांधणीवाले खळीत मोरचूद घालतात, पण ते विषारी असते आणि मुलांच्या हातांशी त्याचा संबंध येऊ नये. येथे एक सावधगिरी अनुभवाने सांगतो. पहिल्या वर्षी मी ऐन श्रावणात एका तोंडावर तिन्ही थर दिले आणि दुसरे तोंड नंतर करू म्हणून तसेच ठेवले. ठाण्याच्या त्या दमट हवेत चकती चार दिवस वाळली नाही, आणि वाळली तेव्हा खोलगट ताटासारखी वाकलेली होती. कागद वाळताना आक्रसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो, म्हणून एका बाजूला एक थर दिला की लगेच दुसऱ्या बाजूलाही एक द्यावा आणि चकती आडवी न टाकता उभी ठेवून पंख्याखाली वाळवावी. शक्य असेल तर हे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत घ्यावे.

खऱ्या नाण्याच्या एका बाजूला झेप घेणारा कांगारू आणि दुसऱ्या बाजूला राणी एलिझाबेथ दुसरी हिचा मुखवटा आहे. शाळेच्या कामात कांगारूची बाजू पुरेशी होते. छायाचित्रावर चौकटी आखून त्याच संख्येच्या चौकटी चकतीवर आखल्या की चित्र मोठे करणे सोपे जाते. शरीराचा उठाव रद्दीच्या लगद्याने द्यावा. लगदा रात्रभर भिजवून, कुस्करून, पिळून मग खळीत मळावा आणि एका वेळी अर्ध्या सेंमीपेक्षा जाड लावू नये. अक्षरे फेव्हिकॉलमध्ये बुडवलेल्या सुतळीने काढावीत. '१ टन' आणि '९९९९' हे आकडे घ्यावेत. दुसरा आकडा दहा हजार भागांत ९,९९९ भाग सोने असल्याचे सांगतो. खालच्या बाजूला 'प्रतिकृती' हा शब्द ठळक असावा.

लगदा हे ओतकामाचेच रूप आहे, हेही मुलांना सांगावे. साधी नाणी दोन ठशांच्या मध्ये धातूची चकती दाबून पाडतात, पण एवढ्या आकाराला तो मार्ग चालत नाही. पर्थचे नाणे ओतून हाताने पूर्ण केले गेले. ब्रिटनच्या रॉयल मिंटने २०२१ मध्ये केलेल्या १० किलोच्या नाण्याला ४०० तास लागले आणि त्यांपैकी चार दिवस केवळ झिलई देण्यात गेले.

रंगाआधी चुनखडी आणि पातळ फेव्हिकॉल यांचा हात देऊन घासून घ्यावे. त्यावर पिवडीचा थर द्यावा. सोनेरी रंगाखाली गेरू देण्याची पद्धत चांगली असली तरी येथे ती नको, कारण गेरूमुळे बावीस कॅरेटच्या दागिन्याची लालसर छटा येते आणि शुद्ध सोने त्याहून पिवळे असते. दुकानदार 'अँटिक गोल्ड' पुढे करतो, तोही घेऊ नये. सोने काळवंडत नाही, त्यामुळे खोलगट जागी काळपट हात मारून जुनेपणा आणणे या नाण्याच्या बाबतीत चूक ठरते. सोनेरी रंगाचे दोन पातळ हात पुरेसे होतात.

शेजारी तीन लहान चकत्या ठेवल्या तर प्रदर्शनाला खोली येते, आणि त्या एकेका दिवसात होतात. कॅनडाच्या टांकसाळीने २००७ मध्ये १०० किलोचे नाणे काढले, त्यासाठी सुमारे ५३ सेंमी व्यास आणि ३ सेंमी जाडी घ्यावी. ऑस्ट्रियाच्या २००४ मधल्या एक हजार ट्रॉय औंसांच्या, म्हणजे ३१.१ किलोच्या नाण्यासाठी ३७ सेंमी आणि २ सेंमी घ्यावेत. तिसरी चकती आपल्या भूमीतली असावी. जहांगीर बादशहाच्या कारकिर्दीत १६१३ मध्ये आग्र्याला पाडलेली एक हजार मोहरांची मोहर जवळपास १२ किलोची आणि २०.३ सेंमी व्यासाची होती.

प्रत्येक चकतीच्या फलकावर वजनासोबत दर्शनी मूल्यही लिहावे. पर्थच्या नाण्यावर दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलर ही किंमत आहे, पण त्यातले सोने २०११ मध्येच पाच कोटी डॉलरांच्या वर होते. मग किंमत लिहायचीच कशाला, असे पालक विचारतात. सरकारने अधिकृत चलन म्हणून काढल्याशिवाय आणि त्यावर दर्शनी मूल्य असल्याशिवाय ती नुसती सोन्याची लगड ठरते, हे उत्तर फलकावरच असावे. कॅनडाच्या नाण्याजवळ आणखी दोन ओळी लिहाव्यात: त्यातले एक नाणे २७ मार्च २०१७ रोजी बर्लिनच्या बोडे संग्रहालयातून चोरीला गेले. खटला चालला, शिक्षा झाल्या, नाणे मिळाले नाही. चोरांनी ते ढकलगाडीवरून नेले. आपल्याकडच्या सिमेंटच्या दोन गोणींएवढे ते वजन होते.

राहिले वजन. पुठ्ठ्याचे नाणे दोन मुले सहज उचलतात आणि त्यामुळे खरा मुद्दा निसटू शकतो. यासाठी टेबलाच्या एका टोकाला एक लिटरची रिकामी बाटली सोनेरी रंगवून ठेवावी आणि दुसऱ्या टोकाला एक-एक लिटर पाण्याच्या एकोणीस भरलेल्या बाटल्या ओळीने मांडाव्यात. विसाव्या बाटलीत ३०० मिलिलिटर पाणी घालून खूण करावी. ती एक बाटली सोन्याने भरली तर पलीकडच्या सगळ्या बाटल्यांतल्या पाण्याइतके तिचे वजन होईल. मोठ्या नाण्याचे घनफळ जेमतेम ५२ लिटर, म्हणजे सोसायट्यांत येणाऱ्या पिण्याच्या पाण्याच्या वीस लिटरच्या अडीच जारांएवढे आहे. म्हणून नाण्यामागे दोन भरलेले आणि एक अर्धा असे जार ठेवावेत आणि पाहुण्यांना आधी भरलेला जार उचलून पाहायला सांगावे, मगच नाण्याकडे न्यावे.