हायवेवर अपघातात दुखापत झाली तर: केसपेपरपासून नुकसानभरपाईपर्यंत काय करायचं

बोरघाटात ट्रकने मागून ठोकलं, नाहीतर नवले पुलाच्या उतारावर पुढच्या गाड्या अचानक थांबल्या. अशा अपघाताचा दावा बहुतेक वेळा पहिल्या दोन दिवसांतल्या कागदांवर टिकतो किंवा पडतो.

जागेवर. चालता येणाऱ्यांना आधी क्रॅश बॅरियरच्या पलीकडे न्या. बंद पडलेल्या गाडीमागे उभं राहिलं की दुसरी धडक बसते. मान किंवा पाठ दुखत असलेल्या माणसाला, आगीचा धोका नसेल तर, ओढून काढू नका. 112 किंवा 108 ला फोन करा. सातारा, सोलापूर, नाशिकच्या राष्ट्रीय महामार्गांवर 1033 सुद्धा चालतो. सुरक्षित असेल तरच फोटो घ्या: समोरच्या गाडीची नंबरप्लेट, गाड्या थांबलेली जागा, ब्रेकच्या खुणा, किलोमीटरचा फलक. डॅशकॅमचं कार्ड काढून ठेवा, कारण जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं.

त्याच दिवशी दवाखाना. मानेला बसलेला हिसका कित्येकदा दुसऱ्या दिवशी दुखू लागतो. पोटावर सीटबेल्टचा वळ उठला असेल, उलट्या होत असतील किंवा झोपाळल्यासारखं वाटत असेल, तर घरी जाऊच नका. कॅज्युअल्टीत डॉक्टर ‘काय झालं’ विचारतात आणि सांगाल ते केसपेपरवर उतरतं. घाईत नातेवाईक ‘पडला’ म्हणतात आणि कागदावर पडल्याची नोंद होते. पुढे विमा कंपनीचा वकील नेमकी तीच ओळ वाचून दाखवतो. म्हणून रस्ता, वेळ आणि धडक देणाऱ्या गाडीचा नंबर सांगा, एमएलसी (पोलिसांना कळवायच्या केसची वैद्यकीय नोंद) झाली का ते विचारा. 2025 च्या केंद्र सरकारच्या योजनेत नेमलेल्या रुग्णालयांत अपघातापासून 7 दिवस, दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार मिळतात. भरती होतानाच विचारणा करा.

पोलीस. फिर्याद जिथे अपघात झाला त्या हद्दीतल्या ठाण्यात. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर खोपोली-खालापूरचा भाग रायगड जिल्ह्यात येतो, लोणावळ्याकडचा पुणे जिल्ह्यात. जखमी पुण्यात भरती असेल तर तिथल्याच ठाण्यात झिरो एफआयआर (हद्द न पाहता घेतलेली फिर्याद) करून ती तिकडे पाठवता येते. एफआयआर, स्थळपंचनामा आणि जखमेचा दाखला यांच्या प्रती घ्या. सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवण्याची विनंती पोलिसांना लेखी द्या. 2022 च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी 48 तासांत पहिला आणि 90 दिवसांत सविस्तर अहवाल भरपाईचे दावे चालवणाऱ्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. पाठपुरावा करत राहा.

कुठल्या पॉलिसीतून काय? इथेच सर्वात जास्त गोंधळ होतो. चूक समोरच्याची असेल तर दुखापतीची भरपाई त्याच्या थर्ड पार्टी विम्यातून. चूक तुमच्याच ड्रायव्हरची असेल, तर खासगी गाडीतल्या प्रवाशांना फुल पॉलिसीत संरक्षण असतं. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत सहसा नसतं. गाडीमालक स्वतः चालवत असेल तर त्याला 15 लाखांचं वैयक्तिक अपघात कव्हर, पण ते मृत्यू आणि ठराविक कायमच्या अपंगत्वासाठीच, फ्रॅक्चरच्या बिलासाठी नाही. गाडीच्या नुकसानीचा क्लेम वेगळा. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने पाहण्याआधी गॅरेजवाल्याला एकही भाग काढू देऊ नका. ठोकून पळालेलं वाहन सापडलंच नाही तर गंभीर दुखापतीला 50 हजार आणि मृत्यूला 2 लाख सरकारी योजनेतून मिळतात. त्याचा अर्ज अपघात झाला तिथल्या तहसील किंवा प्रांत कार्यालयात करायचा.

मेडिक्लेमला मूळ बिलं द्यावी लागतात, म्हणून आधी सगळ्यांच्या झेरॉक्स काढा. मेडिक्लेमचे पैसे मिळाले म्हणून अपघाताच्या भरपाईतला औषधोपचाराचा खर्च कापता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2025 मध्ये ठरवलं आहे.

दावा. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज अपघातापासून 6 महिन्यांच्या आत करा. अपघात रायगडमध्ये झाला तरी तुम्ही पुण्यात राहत असाल तर शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात अर्ज चालतो. उपचार, बुडालेला पगार, सोबत राहणाऱ्याचा खर्च, रिक्षा-गाडीभाडं, वेदना हे सगळं मागता येतं. मोठी रक्कम असते कमाईची क्षमता कायमची घटल्याची. समजा वय 34, महिना 30,000 रुपये आणि कमाईच्या क्षमतेत 20 टक्के घट: 30,000 × 12 × 16 × 20 टक्के, म्हणजे 11,52,000 रुपये. यातला 16 हा 31 ते 35 वयाचा गुणक. भविष्यातल्या उत्पन्नवाढीची रक्कम याशिवाय. ही टक्केवारी दाखल्यावरच्या अपंगत्वाच्या आकड्याइतकीच असते असं नाही. पाय आखडलेल्या डिलिव्हरीवाल्याचं नुकसान टेबलावर काम करणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त, म्हणून रोजचं काम नेमकं काय होतं याचा पुरावा जोडा. अपंगत्वाचा दाखला हाड जुळून सुधारणा थांबल्यावरच घ्या, आणि तो देणारा डॉक्टर साक्षीला येईल का, हे आधीच विचारा.

वॉर्डात येऊन ‘लगेच मिटवून देतो’ म्हणणाऱ्याच्या कोऱ्या वकालतनाम्यावर किंवा ‘पूर्ण व अंतिम’ पावतीवर सही करू नका. हाडाला बसवलेली प्लेट काढायचं ऑपरेशन वर्षा-दीड वर्षाने निघतं, आणि त्याचा खर्च त्या पावतीत धरलेला नसतो. तडजोड करायचीच असेल तर लोकअदालतीत करा. तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा वसूल करता येतो.