प्रोग्रामिंग क्लासची वेब-प्रणाली: कोडला हात लावण्याआधी

आधी एक दिवस क्लासच्या काउंटरवर बसून चौकशीची वही, पावतीपुस्तक आणि हजेरीपट चाळा. डेटाबेसची टेबलं (माहिती साठवायचे तक्ते) तिथेच सापडतात. विद्यार्थी आणि प्रवेश ही दोन वेगळी टेबलं हवीत. सोम-बुध-शुक्रच्या जावा बॅचमधल्या मुलाला हिंजवडीत नोकरी लागली की तो शनिवार-रविवारच्या बॅचला सरकतो. बॅच विद्यार्थ्याच्याच ओळीत लिहिली असेल, तर ती बदलताच जुनी हजेरी भलत्या बॅचला चिकटते. म्हणून प्रवेशाला ‘पासून-पर्यंत’ तारखा द्या आणि हजेरी प्रवेशाला जोडा. मोबाइल नंबरला ओळखीची किल्ली करू नका. भावंडं सर्रास वडिलांचा एकच नंबर देतात. वेळापत्रकातलं प्रत्येक लेक्चर स्वतंत्र नोंद असू द्या, म्हणजे विसर्जनाच्या दिवशी रस्ते बंद असले तर तेवढंच पुढे ढकलता येतं.

फी रुपयांऐवजी पैसे मोजून, पूर्णांकात साठवा. चुकलेली पावती खोडू नका, उलट नोंद करा. पेमेंट गेटवेचा (ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेचा) निरोप कधी दोनदा येतो, तेव्हा व्यवहार क्रमांकावर युनिक बंधन घाला, म्हणजे तोच क्रमांक पुन्हा नोंदला जात नाही. ओटीपी पाठवायचा तर डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांच्या एसएमएस-नोंदणी मंचावर) मजकुराची मंजुरी आधीच घ्या.

खरी डोकेदुखी मुलांचा कोड चालवण्याची. तो वेब सर्व्हरवर कधीच नको; वेगळ्या मशीनवर, प्रत्येक सबमिशनला नवा कंटेनर (बाकी मशीनपासून तोडलेली बंदिस्त जागा), नेटवर्क बंद. सुरुवातीला 256 एमबी मेमरी, 2 सेकंद सीपीयू, 64 प्रोसेस आणि 1 एमबी आउटपुट पुरे. आउटपुटची मर्यादा घालायची हटकून राहून जाते, मग न थांबणाऱ्या लूपमधला प्रिंट डिस्क भरून टाकतो. घड्याळी मर्यादाही 10 सेकंदांची ठेवा, कारण स्लीप करणारा प्रोग्राम सीपीयू वापरतच नाही. जावाला वेळ दुप्पट द्या, आणि हीप (जावा प्रोग्रामच्या डेटासाठीची मेमरी) कंटेनरच्या मेमरीपेक्षा बरीच कमी ठेवा. शेवटच्या पाच मिनिटांत सगळी बॅच एकदम ‘सबमिट’ दाबते, तेव्हा रांग हवीच.

वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) साठवा, पण मुदत भारतीय वेळेतून बदलून घ्या; नाहीतर रात्री 12 ची मुदत पहाटे 5:30 ला संपते. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते हे गृहीत धरून अर्धवट कोड दर 20 सेकंदांनी आपोआप जतन करा. याद्यांच्या सीएसव्ही फाइलच्या सुरुवातीला बीओएम (मजकूर युनिकोडमध्ये आहे हे सांगणारी खूण) घाला, नाहीतर एक्सेलमध्ये मराठी नावांचा चिवडा होतो. आणि बॅकअप एकदा दुसऱ्या मशीनवर उतरवून लॉगिन होतं का पाहा.