‘एन्ट्रॅप’ या क्रियापदाचा वापर: सीमाभागातील नव्या वकिलांसाठी

मराठी शाळेत शिकून बेळगावात वकिली सुरू करणाऱ्याला तीन भाषांतून वाट काढावी लागते. खानापूर किंवा निपाणीकडचा पक्षकार आपली हकीकत मराठीत सांगतो, जबाब आणि पंचनामे कन्नडमध्ये असतात आणि धारवाड खंडपीठापुढील अर्जाचा मसुदा इंग्रजीत करावा लागतो. नवोदितांचे असे मसुदे तपासताना ‘एन्ट्रॅप’ (फूस लावून गुन्हा करायला लावणे) हे इंग्रजी क्रियापद भलत्याच ठिकाणी पडलेले मी अनेकदा पाहिले आहे, आणि त्याने पक्षकाराचे म्हणणेच बदलून जाते.

लाचेचा सापळा हे नेहमीचे उदाहरण घ्या. कन्नड वृत्तपत्रे ‘लोकायुक्त बलेगे’ असा मथळा देतात, म्हणजे अमुक अधिकारी लोकायुक्तांच्या जाळ्यात सापडला. अशा कारवाईत तक्रारदाराने आणलेल्या नोटांचे क्रमांक पंचांसमोर टिपून त्यांना फिनॉल्फ्थॅलिनची पूड लावली जाते आणि पैसे स्वीकारणाऱ्याचे हात सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवताच ते द्रावण गुलाबी होते. ही कारवाई ‘ट्रॅप’ होय. मागणी अधिकाऱ्याने आधीच केलेली असते, पोलीस केवळ पुरावा पकडतात. मागणी आणि स्वीकार या दोन्ही गोष्टी सिद्ध झाल्याच पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नीरज दत्ता खटल्यात 2022 मध्ये स्पष्ट केले आहे.

‘एन्ट्रॅप’ म्हणजे ज्याच्या मनात गुन्हा नव्हता, त्याला फूस लावून तो करायला लावणे. अमेरिकेतील सॉरेल्स खटला (1932) येथे फार उपयोगी पडतो. दारूबंदीच्या काळात पर्यटक बनून आलेल्या सरकारी माणसाने सॉरेल्सकडे दारू मागितली. नकार मिळाल्यावर आपण दोघे महायुद्धात एकाच डिव्हिजनमध्ये (लष्करी तुकडीत) होतो, अशा आठवणी काढून त्याने पुन्हा गळ घातली आणि अखेर सॉरेल्सने अर्धा गॅलन दारू आणून दिली. बचावाचा हा मुद्दा ज्युरीपुढे ठेवू द्यायला हवा होता, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. भारतात असा स्वतंत्र बचाव कोणत्याही कलमात लिहिलेला नाही, म्हणून आपल्या अर्जात हा शब्द विशेष जपून घालावा.

खोट्या गुन्ह्यात गोवले, असे पक्षकार म्हणत असेल तर इंग्रजी क्रियापद ‘फ्रेम’ हवे. त्यात त्याने गुन्हा केलेलाच नसतो. ‘एन्ट्रॅप’ लिहिले की कृत्य घडल्याची कबुली दिल्यासारखे होते, आणि सरकारी वकील तेवढ्यावरच बोट ठेवतात.

वाक्यरचना सोपी आहे. ‘एन्ट्रॅप’चे कर्म बहुधा व्यक्ती असते आणि पुढे ‘इन्टू’ लावून कृत्य सांगितले जाते: ‘दे एन्ट्रॅप्ड हिम इन्टू सेलिंग लिकर.’ डॉक्टरांच्या अहवालात दबलेल्या नसेसाठी ‘एन्ट्रॅपमेंट’ येते, तेथे फसवणुकीचा संबंध नसतो. मसुदा पुरा करण्यापूर्वी पक्षकाराला त्याच्याच मराठीत विचारावे, की त्या कृत्याचा विषय पहिल्यांदा कोणी काढला, आणि त्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत टिपून मगच इंग्रजी क्रियापद निवडावे.