घोटा मुरगळलाय? वजनाचं नंतर बघू

घोटा मुरगळला की धावणाऱ्यांना दुखण्यापेक्षा वजनाची धास्ती जास्त. फिजिओथेरपिस्ट म्हणून हे सतत ऐकते, म्हणून आधी हिशोबच मांडते. सत्तर किलोच्या माणसाच्या पाच किलोमीटर धावण्यात साधारण ३५० कॅलरी जातात. आठवड्यातून तीनदा धावत असाल तर झाल्या हजारेक. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. म्हणजे खाणं तेच ठेवून धावणं पूर्ण थांबवलं, तरी किलोभर चढायला सात आठवडे लागतील. चार घास कमी घेतलेत तर तेही टळेल. उपाशी मात्र राहू नका. दुखापत भरून यायला प्रथिनं लागतात.

आता घोटा. चार पावलं टाकून बघा, लंगडत टाकलीत तरी चालेल. मग घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडं वर आलेली दिसतात, त्यांची मागची कड आणि खालचं टोक बोटाने दाबा. पावलाच्या बाहेरच्या कडेवर मधोमध एक उंचवटा लागतो, तोही दाबा; आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाडही. नेमकं हाडावर दुखलं किंवा चार पावलं टाकवेनात, तर एक्स-रे काढा. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ साली मांडलेले हे निकष आजही वापरात आहेत. नुसत्या सुजेवरून काही ठरवू नका. लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणारा पट्टा, ताणलं तरी घोटा भरपूर सुजतो, आणि काळंनिळं पार बोटांपर्यंत उतरतं.

बर्फ? दुखणं कमी व्हायला, फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं. दिवसभर चोळत बसायचं कारण नाही. १९७८ साली 'विश्रांती आणि बर्फ' हा सल्ला ज्यांनी रूढ केला, त्या डॉ. गेब मिर्किन यांनीच पुढे सांगितलं की दोन्हींचा अतिरेक बरं होणं लांबवतो.

दुखणं सोसवेल तसं चालायला लागा. बसल्या बसल्या अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवा. मग सगळ्यात दुर्लक्षित व्यायाम: दात घासताना दुखऱ्या पायावर एकट्याने उभं राहणं. लिगामेंटबरोबर तोल सांभाळणारी जाणीवही बिघडते, आणि ती परत आणली नाही की तोच घोटा पुन्हा मुरगळतो. तीस सेकंद सहज जमले की डोळे मिटून करा, भिंतीजवळ. (डोळे मिटताच भलेभले डगमगतात.) दम टिकवायला तोवर सायकल किंवा पोहणं आहेच.

एका पायावर टाच उचलणं चांगल्या पायाइतकंच जमू लागलं आणि लंगडी घालताना दुखेनासं झालं, की धावायला हरकत नाही. एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल, सपाट आणि सरळ रस्त्यावर. झटकन वळणं, उड्या शेवटी. दुसऱ्या दिवशी सकाळी घोटा पुन्हा सुजलेला दिसला तर एक पायरी खाली या. महिना-दीड महिन्यानंतरही चालताना घोटा दगा देत असेल, तर मात्र तज्ज्ञाला दाखवा.